विल्मर टोथची डावी रेघ

१

एमेट क्लोस्टरनं टेबलावरचा निळा फडका उचलला आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, की हातातली ॲपल-पायची बशी खुर्चीवर टाकून मी धावलो.

जेवणं नुकतीच उरकली होती. टिलमन गावातल्या मेथडिस्ट चर्चच्या तळघरात आमच्या क्लबचं हिवाळी प्रदर्शन भरलं होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, आत कॉफीचा आणि भाजलेल्या हॅमचा वास, आणि एकाच वेडाची सगळी माणसं. मी लोवेल बेन्स. गावात माझं औषधांचं दुकान, आणि त्या वर्षी क्लबचं अध्यक्षपदही माझ्याच गळ्यात पडलेलं.

वेड असं. आम्ही लहान होतो तेव्हा कॉर्नफ्लेक्स आणि तसल्या न्याहारीच्या खोक्यांच्या पाठीवर बेसबॉलपटूंची कार्डं छापलेली असायची. खोकं रिकामं झालं की ती कात्रीनं कापून घ्यायची. प्रत्येक कार्डाभोवती काळी रेघ असे. चारही बाजूंची रेघ शाबूत राहिली तर कार्ड राजा, एक जरी उडाली तरी भिकारी. आणि कात्री शेंबड्या पोरांच्या हातात, त्यामुळे भिकाऱ्यांचीच गर्दी.

ऑलबर्ट मिल्स या न्याहारीच्या कंपनीच्या एका वर्षाच्या संचात विल्मर टोथचं कार्ड सगळ्यांत दुर्मीळ. टोथ काही मोठा खेळाडू नव्हे, त्याची कारकीर्द राखीव खेळाडूंच्या बाकावर बसण्यात गेली. पण त्याचं कार्ड कंपनीनं फक्त गव्हाच्या कोंड्याच्या न्याहारीच्या खोक्यावर छापलं होतं, आणि कोंडा कुठलं पोर खातं? एमेटनं त्या कार्डासाठी अख्खी तरुणाई घालवली. त्या हिवाळ्याच्या तोंडावर ते त्याला मिळालं. मिळाल्याचं सांगून त्यानं आम्हा सगळ्यांना महिनाभर जाळलं, दाखवलं मात्र कुणालाही नाही. "प्रदर्शनात, जेवणानंतर," एवढंच म्हणायचा आणि मिशीत हसायचा.

आता फडका उचलला होता. जाड पारदर्शक प्लास्टिकच्या दोन चौकोनांमध्ये, चार कोपऱ्यांत चार स्क्रूंनी आवळलेला विल्मर टोथ आमच्याकडे बघून हसत होता. पण त्याच्या डाव्या बाजूची रेघ नव्हती. कात्री वरून खाली तिरकी गेली होती, टोथच्या खांद्याचा तुकडा घेऊन.

"कापलं," एमेट म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "कुणीतरी माझं कार्ड कापलं."

मग तो सावकाश वळला आणि क्लिफर्ड हाउकसमोर जाऊन उभा राहिला.

"तू. आम्ही सगळे पलीकडच्या खोलीत जेवत होतो. तू एकटाच इथं होतास."

२

क्लिफर्ड इथं होता हे खरं. आपलं पोट बिघडलंय म्हणून तो जेवायला आला नव्हता. आणि त्याच्या अल्बममध्ये त्या संचाचं एकच घर रिकामं होतं, टोथचं. एमेटला कार्ड मिळालं हे कळल्यापासून तो क्लबात कुणाशी धड बोलत नव्हता.

"तुझ्या टेबलाला हातसुद्धा लावला नाही मी," क्लिफर्ड ओरडला.

"मग काय टोथनं स्वतःच कापून घेतलं?"

"तुझं ते मिशीतलं हसू महिनाभर सोसायचं म्हणजे कुणीही जीव देईल!"

एमेटनं त्याची कॉलर धरली. एमेटचा धाकटा भाऊ रॉय मध्ये पडला, पण इतक्या सावकाश, की त्याला ते भांडण आवडत असावं अशी मला शंका आली.

"हात खाली," मागून आवाज आला. "आणि कार्डाला बोट लावू नका कुणी."

व्हर्ना स्टाल. आमच्या क्लबातल्या मोजक्या बायकांपैकी एक, आणि वयानं आम्हा बहुतेकांपेक्षा मोठ्या. विमा कंपनीसाठी आगी आणि चोऱ्यांचे दावे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. आपलं कोठार आपणच पेटवून रडणारी माणसं त्यांनी इतकी पाहिली होती, की रडणाऱ्याकडे त्या आधी बघत आणि मग इतरांकडे.

त्यांनी भिंग काढलं, वाकून पाहिलं, मग टेबलाखाली पाहिलं.

"कापलेली पट्टी कुठं आहे?"

"फेकली असेल!" एमेट म्हणाला.

"असेल. तू हे उघड बरं. तुझ्याच हातानं."

एमेटनं खिशातून बारका पेचकस काढला. एक स्क्रू, दुसरा, तिसरा घसरला, परत बसवला. बराच वेळ गेला.

"बघितलंत?" व्हर्नाबाई म्हणाल्या. "कापायचं म्हणजे हे सगळं उघडायचं, कापायचं, पुन्हा आवळायचं, फडका होता तसा घालायचा. शेजारच्या खोलीतून कॉफी घ्यायला माणसं इथं सारखी ये-जा करत होती. क्लिफर्डच्या अंगात एवढं थंड रक्त नाही. त्याचे हात तर पत्ते वाटतानाही थरथरतात."

"थरथरत नाहीत," क्लिफर्ड पुटपुटला, आणि हात खिशात घातले.

बाईंनी स्वयंपाकघरातून कात्री आणि डोनटचं रिकामं खोकं मागवलं. खोक्याची एक कड कापली आणि ती कड टोथच्या तिरक्या कडेशेजारी धरली.

"लोवेल, तू बघ. तुला औषधांवरची बारीक अक्षरं वाचायची सवय आहे."

मी भिंगातून पाहिलं. नव्या कापलेल्या पुठ्ठ्याची कड फिकट होती आणि तिच्यावर कापसासारखी लव उभी होती. टोथची तिरकी कड मात्र चहात बुडवल्यासारखी तपकिरी, गुळगुळीत, आणि बाकीच्या तीन कडांच्या रंगाची. मी तसं सांगितलं.

"म्हणजे काय?" एमेट चिडून म्हणाला.

"म्हणजे याला आज कुणी कात्री लावलेली नाही. काल नाही, परवाही नाही. हे कापलं गेलं तेव्हा तू अर्ध्या चड्डीत फिरत होतास." बाईंनी भिंग मिटलं. "एमेट, हे तुझं कार्डच नव्हे."

३

तळघराच्या टोकाला मुलांच्या रविवारच्या बायबल-शाळेची खोली होती. तिथल्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून आम्ही बसलो. व्हर्नाबाई, मी, आणि समोर एकेक जण. मी का, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "अध्यक्ष आहेस ना? मग साक्षीला बस आणि गप्प बस."

एमेट आधी आला.

"शेवटचं कधी पाहिलंस?"

"काल संध्याकाळी. जेवणानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मग स्क्रू आवळले, फडक्यात गुंडाळलं, पेटीत ठेवलं. आज मुद्दाम बघितलं नाही. सगळ्यांबरोबर बघायचं ठरवलं होतं."

"आणि मिळालं कुठून?"

त्याच्या चेहऱ्यावर दुःखातही चमक आली. "डेफायन्स गावी डोलोरेस म्हणून बाई आहे. विधवा. तिच्याकडे असल्याचं कानावर आलं. ती सोडायला तयार नव्हती. मग काय, दर रविवारी जायचो. बसायचो, चेरी पाय खायचो, परत यायचो. शेवटी आपणहून दिलं तिनं. लहानपणी कापलंय म्हणे. काय रेघ होती, बाई! सुतात! मी कालच मॅक्सीनला म्हटलं, बघ, याला म्हणतात हात!"

"मग तुझी बायको काय म्हणाली?"

"काय म्हणणार? भांडी घासत होती."

"बरं. त्या कोंड्याची चव कशी होती रे?"

"हं? मला काय माहीत? आमच्या घरी कधी आलाच नाही."

मग क्लिफर्ड. तो बसायच्या आधीच बोलायला लागला.

"जळतो मी त्याच्यावर, लपवू कशाला? झोप उडालीय माझी. पण माझ्याकडे तिरकं, वाकडं, उंदरानं कुरतडलेलं कसलंही टोथ असतं ना, तर ते मी अल्बममध्ये लावून गावभर मिरवलं असतं. बदलायला म्हणून खिशात घेऊन फिरलो असतो होय?"

"हे खरं वाटतं मला. कोंड्याची चव कशी होती?"

क्लिफर्डनं माझ्याकडे पाहिलं, म्हातारी ठीक आहे ना अशा नजरेनं. "आमच्याकडे ओटमील असायचं. रोज. अजून डोळ्यांसमोर येतं."

तिसरा रॉय. सकाळी तोच आपला ट्रक घेऊन भावाच्या घरी गेला होता, एमेट आणि मॅक्सीनला त्यानंच आणलं होतं, आणि पेटीही त्यानंच उचलून आत आणली होती.

"वाटेत पेटी तुझ्याजवळ होती?"

"एमेटच्या मांडीवर. लग्नात बायकोला असं धरून बसला नव्हता." रॉय हसला, पण ते हसू लवकर विझलं. "तुम्हाला वाटतं मी केलं. करावंसं वाटायचं खरं. घरी नवं खोकं आलं की कार्डं एमेटची. मला उरायचं ते भोकं पडलेलं खोकं. आई म्हणायची, तू लहान आहेस, तुला कापता येणार नाही. मी तीस वर्षांचा झालो तरी तेच. पण बाई, मी टोथ आणणार कुठून? आमच्या घरात फक्त साखर माखलेले फ्लेक्स यायचे. कोंड्याचं खोकं आलं असतं तर एमेटला तेव्हाच मिळालं नसतं का?"

"चव कशी असेल त्याची?"

"घोड्याला विचारा."

रॉय गेला. मी म्हटलं, "बाई, हे चवीचं काय लावलंय?"

"ज्याच्याकडे हे वाकडं कार्ड होतं त्याच्या घरी कुणीतरी तो कोंडा खात होतं. आणि ते घर क्लबातल्या कुठल्या वेड्याचं नाही, कारण वेड्यानं ते लपवलं नसतं. काल संध्याकाळी कार्ड शाबूत होतं, सकाळी मांडीवर होतं. म्हणजे मधल्या वेळात, एमेटच्या घरात..."

दार ढकललं गेलं. एमेटची बायको मॅक्सीन कॉफीचे दोन कप घेऊन आत आली. साधी, गोल चेहऱ्याची, कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी बाई. तिच्या ऍप्रनला पीठ लागलेलं होतं.

"सगळ्यांना बोलावलंत, मला नाही?" ती हसून म्हणाली.

"तुला काय विचारणार गं?" बाईंनी कप घेतला. "आम्ही आपलं त्या कोंड्याबद्दल बोलतोय. हा लोवेल म्हणतो, तो दुधात टाकला की लगेच लगदा व्हायचा."

मी असं काहीच म्हटलं नव्हतं.

"छे! लगदा कसला?" मॅक्सीन म्हणाली. "काड्या काड्या असायच्या. कितीही भिजवा, टाळूला टोचायच्याच. वर काकवी ओतली तरच घशाखाली जायच्या. आमचे वडील तर..."

ती थांबली. दुसरा कप तिच्या हातात तसाच राहिला.

४

"बस," व्हर्नाबाई म्हणाल्या.

ती बसली. पलीकडे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

"वडिलांना पोटाचा विकार होता," मॅक्सीन म्हणाली. "आमच्याकडे दुसरं काही यायचंच नाही. त्या खोक्यावरचा हा माणूस मला आवडायचा. हसरा होता ना. म्हणून कापला. आईची शिवणकामाची कात्री, माझ्या हातापेक्षा मोठी. तिरकी गेली."

"एमेटला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते. लग्नाच्या पहिल्या वर्षीच. त्याला हे कार्ड हवंय कळल्यावर माहेरी जाऊन शोधून आणलं. रुमालात बांधून त्याच्यासमोर उभी राहिले. तर तो टेबलावर कुणाची तरी कार्डं बघत बसलेला. एक वाकडं कापलेलं हातात धरून म्हणाला, 'असं कापणाऱ्याची बोटं तोडली पाहिजेत.' मग मी रुमाल शिवणाच्या डब्यात ठेवला."

"आणि इतकी वर्षं तिथंच?"

"तो 'टोथ, टोथ' करत गावोगाव हिंडायचा आणि मी मोजे शिवत डब्याकडे बघायची." तिनं बाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "खोटं कशाला बोलू? बरं वाटायचं मला. त्याला जगात सगळ्यात जास्त हवी असलेली गोष्ट माझ्याजवळ होती. आपण नाही, तर आपली वस्तू तरी."

मग तिचा आवाज बदलला.

"आणि मग हे रविवार सुरू झाले. रविवारी सकाळी चर्चला जायला ज्याला कंगवा सापडत नाही, तो दुपारी दाढी करून, सेंट लावून डेफायन्सला. संध्याकाळी यायचा तेव्हा कोटाला चेरी पायचा वास. माझ्या हाताला कधी चेरी पाय जमला नाही. आणि काल ते कार्ड माझ्या नाकापुढे धरून म्हणाला, 'काय हात आहे त्या बाईचा!' माझे हात साबणात होते. सकाळी तो दारापुढचा बर्फ काढायला गेला, तेव्हा मी स्क्रू काढले आणि माझं आत ठेवलं."

"काय व्हावं असं वाटत होतं तुला?"

"माहीत नाही. त्यानं माझंही एकदा बघावं. सगळ्यांसमोर." ती जरा हसली. "बघितलं. आणि म्हणाला, कापलं."

दारात एमेट उभा होता. किती वेळ, कोण जाणे. त्याची मान खाली होती. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बरं बोलेल.

"चांगलं कुठं आहे?" त्यानं विचारलं.

व्हर्नाबाईंनी डोळे मिटून घेतले.

मॅक्सीन उठली. पर्समधून तिनं मेणकागदात गुंडाळलेलं कार्ड काढलं, उघडून आम्हाला दाखवलं. खरंच, रेघ अशी की मलाही ते हवंसं वाटलं. एमेटचा हात पुढे आला. तिनं ते परत गुंडाळलं.

"जिचं आहे तिला देते. लोवेल, ते माझं वाकडं आणून दे मला." मग ती दारातून मोठ्यानं म्हणाली, "रॉय, ट्रकच्या किल्ल्या दे."

रॉयनं किल्ल्या इतक्या चटकन काढल्या, की एमेटला 'अगं' म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

५

पुढचं मला व्हर्नाबाईंनी सांगितलं. त्यांना मॅक्सीननं.

डेफायन्सचा रस्ता नुकताच साफ केलेला होता. वाटभर मॅक्सीन वाक्यं जुळवत होती, त्या बाईला काय काय सुनवायचं ते. दार उघडलं तर समोर डोलोरेस. उंच, देखणी, ओठ रंगवलेली, मॅक्सीननं मनात रंगवली होती त्याहूनही सरस. जुळवलेली सगळी वाक्यं जागच्या जागी विरली.

"मी एमेट क्लोस्टरची बायको," ती कशीबशी म्हणाली.

"अगं बाई!" डोलोरेस म्हणाली. "या, या, आत या. मला तुमची काळजीच वाटत होती."

"माझी?"

"बसा आधी. तो माणूस इतके रविवार माझ्या स्वयंपाकघरात बसला. माझा नवरा वसंतात गेला. त्याचे बूट अजून ओसरीवर आहेत, मला उचलवत नाहीत. तुमचा नवरा दर वेळी ते ओलांडून आत यायचा. कुणाचे, म्हणून एकदा विचारलं नाही. नुसतं टोथ, टोथ, टोथ. शेवटी कंटाळून दिलं, म्हटलं घे आणि जा. तो गेल्यावर मनात यायचं, याच्याबरोबर राहणारीचं काय होत असेल?"

मॅक्सीननं कार्ड पुढे केलं. "तुमचा हात फार सुरेख आहे म्हणत होता."

"माझा? ते माझ्या वडिलांनी कापलंय, पट्टी आणि ब्लेड घेऊन. ते नकाशे काढायचे. मी त्याला दोनदा सांगितलं होतं की."

मॅक्सीन हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं, आणि मग डोलोरेसलाही. दोघींनी मिळून चेरी पाय संपवला. टोथचं कार्ड डोलोरेसनं फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली अडकवून टाकलं. चुंबकाचं ऐकल्यावर क्लिफर्डला मी माझ्या दुकानात पाणी पाजलं. त्यानंतर तो डेफायन्सचा पत्ता विचारत व्हर्नाबाईंच्या दारात दोनदा जाऊन आला. त्यांनी दिला नाही. एमेटनं त्याची माफी मागितली, तीही भर दुकानात, खोकल्याच्या औषधांच्या फळीकडे बघत.

घरी मात्र एमेटचं काही चालेना. वाकडं कार्ड मॅक्सीनकडे होतं आणि त्याच्या अल्बमातलं घर रिकामं. कार्ड दे म्हणाला तर ती म्हणायची, "माग की. मी नाही म्हणत नाही. पण आधी दुसरं काहीतरी विचार." काय विचारू ते त्याला कळेना. माझ्याकडे येऊन म्हणाला, "लोवेल, हिला नक्की काय हवंय?" मी त्याला काही सांगितलं नाही. खरं म्हणजे मलाही स्वतःच्या घरी जाऊन बायकोकडे जरा बघावंसं वाटलं होतं.

बर्फ वितळत होता तेव्हा, एका दुपारी, रॉयसाठी मलम द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. रॉय तिथं यायचा होता. मॅक्सीन धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत गुणगुणत होती. एमेट समोर बसला होता, अल्बम न उघडता. मला बस म्हणायचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

"हे तू नेहमी गुणगुणतेस ते," त्यानं अडखळत विचारलं, "कुणी शिकवलं तुला?"

मॅक्सीनचे हात थांबले.

"हेझल आत्यानं. सर्कशीत वाजवायची ती."

"सर्कशीत? तुझी आत्या?"

"आपल्या लग्नाला आली होती. तुझ्याशी बोलली होती, एमेट."

त्याचे कान लाल झाले. मला वाटलं आता उठून जाईल. पण त्यानं खुर्ची टेबलाजवळ ओढली, टोपलीतला एक टॉवेल घेतला आणि त्याची वेडीवाकडी घडी घालायला लागला.

"काय वाजवायची?" तो म्हणाला.

"सांगते," मॅक्सीन म्हणाली आणि त्याच्यासमोर बसली. मी मलम खिडकीत ठेवलं आणि मागच्या दारानं बाहेर पडलो.